एकेकट्याचा तह

पुण्यातील टिळक चौकातून, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या अलका चौकातून, लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे निघाले की डाव्या हाताला नारायण पेठ लागते. वाट न सोडता तसेच चालत राहिले, तर गर्दीतून रमतगमत तासाभरात आपण क्वार्टर गेटला, नाना पेठेत, सिटी चर्चपाशी पोचतो. या रस्त्याच्या एका टोकाला खून झालेल्या पेशव्याचे नाव आहे, तर दुसऱ्या टोकाला त्या खुनानंतर कोलमडू पाहणारे राज्य पंचवीस वर्षे सावरून धरणाऱ्या कारभाऱ्याचे. नारायणराव पेशवे आणि नाना फडणीस या दोन नावांच्या मध्ये अठराव्या शतकाच्या अखेरचा सारा इतिहास उभा आहे.

त्या इतिहासातील एका प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. शेजारची राज्ये एकत्र येतात, करार करतात, शपथा घेतात. मग ती एकमेकांना सोडून का जातात? युरोपीय संघ, आसियान, सार्क ही नावे आज आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि राष्ट्रांचे असे गट म्हणजे विसाव्या शतकाची नवलाई आहे असे समजून चालतो. परंतु दोनशे चाळीस वर्षांपूर्वी हिंदुस्थानातील चार मोठ्या सत्तांचा एक गट उभा राहिला होता आणि त्याचे सूत्रधार पुण्यात बसले होते. तो गट दोन वर्षांत विरला. तो कसा विरला, हे समजून घेतल्यास आजच्या राष्ट्रगटांकडे पाहण्याची दृष्टी अधिक स्वच्छ होते.

एक खून आणि एक कायदा

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव यांनी पेशवाईची वस्त्रे मिळविली, परंतु नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी कारभाऱ्यांनी त्यांना मानले नाही. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या पश्चात त्यांना पुत्र झाला. तेच सवाई माधवराव. बारभाईंनी या तान्ह्या बाळाच्या नावाने राज्य चालविण्याचे ठरविले. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेस त्यांनी इंग्रजांशी तह केला. सैन्याच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई देण्याचे त्यांनी कबूल केले. साष्टीतील ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरातच घेऊन टाकला होता.

ज्या १७७३ साली हा खून झाला, त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटाने ईस्ट इंडिया कंपनीसाठी रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट मंजूर केला. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही कंपनीची तीन ठाणी तोवर आपापल्या मर्जीने युद्धे आणि तह करीत असत. एकमेकांचा हेवा त्यांनाही सुटला नव्हता. या कायद्याने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला इतर दोघांच्या युद्ध-तहांवर अधिकार दिला. त्याचा परिणाम लौकरच दिसून आला. मुंबईने केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने अमान्य केला आणि कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरास पुणे दरबाराशी वेगळा तह केला. पुढे लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या तहाला पसंती दिली आणि गोंधळ वाढला. तरीही एक गोष्ट पक्की झाली होती. इंग्रजांच्या तीन घरांत भांडण झाले तर ते कोणी मिटवावयाचे, हे आता कागदावर ठरले होते. मराठी राज्यात शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्यातील भांडण कोणी मिटवावयाचे, हे ठरविणारा एकमेव अधिकार छत्रपतींच्या नावाने पेशव्यांकडे होता, आणि तो पेशवा आता पाळण्यात होता. एकाच वर्षी एका बाजूची गाठ बांधली गेली आणि दुसऱ्या बाजूची सुटली.

चौघांची जूट

जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या मुंबईकर इंग्रजांना मराठ्यांनी वडगावला कोंडले आणि शरणागतीचा करार लिहून घेतला. कंपनीने तोही मानला नाही. जनरल गॉडर्ड याच्या हाताखाली नवी फौज गुजरातेत उतरली. युद्ध लांबणार, हे नाना फडणिसांनी ओळखले आणि त्यांनी एक मोठा घाट घातला.

इंग्रजांवर रुसलेल्या सत्ता त्या वेळी पुष्कळ होत्या. हैदराबादच्या निजाम अलीला गुंटूरच्या प्रकरणात मद्रासकरांनी दुखविले होते. म्हैसूरच्या हैदर अलीला संकटकाळी मदतीचे दिलेले वचन त्यांनी पाळले नव्हते. नागपूरच्या मुधोजी भोसल्यांची सत्ता ओरिसापर्यंत पसरली होती आणि तेथून बंगाल हाताच्या अंतरावर होता. नानांनी या तिघांकडे वकील धाडले. हैदराशी पुणेकरांचे जुने वैर होते. ते मिटविण्यासाठी कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलखावरील त्याचा ताबा मान्य करावा लागला. १७८० च्या आरंभी योजना पक्की झाली. हैदराने मद्रासवर चालून जावे, निजामाने उत्तरेकडील सरकारांवर, म्हणजे आंध्राच्या किनारपट्टीवर उतरावे, भोसल्यांनी बंगालवर आणि पुणेकरांनी शिंदे-होळकरांसह गुजरात व कोकणात इंग्रजांशी लढावे. चौघे चार बाजूंनी उठले, की तिन्ही ठाण्यांपैकी कोणालाच कोणाच्या मदतीस जाता येणार नव्हते. वेगळा तह कोणी करावयाचा नाही, हेही ठरले होते.

या योजनेत हिंदू राजे होते आणि मुसलमान राजेही होते. धर्म, भाषा किंवा वंश यांच्या आधाराने ही जूट उभी राहिली नव्हती. सर्वांचा शत्रू एक आहे एवढ्या एकाच जाणिवेवर ती उभी होती. तिचे बळ तेच होते आणि पुढे तिचा घातही तेथेच झाला.

गाठी सुटत गेल्या

सर्वांत आधी निसटले ते घरचेच. २६ जानेवारी १७८० रोजी बडोद्याच्या फत्तेसिंह गायकवाडांनी गॉडर्डशी वेगळा करार केला. पुढच्याच महिन्यात इंग्रजांनी अहमदाबाद जिंकले आणि ते गायकवाडांच्या हवाली केले. ज्या घराण्याने मराठ्यांचा झेंडा गुजरातेत रोवला, ते घराणे चौघांची मोहीम सुरू होण्याआधीच बाजूला झाले. नारायण पेठेतील केसरीवाडा हा मुळात याच गायकवाड घराण्याचा वाडा. १९०५ साली लोकमान्य टिळकांनी तो बडोदेकरांकडून विकत घेतला, आणि 'गायकवाड वाडा' हे नाव मागे पडले. या वाड्यावरून जाताना बहुतेकांना टिळक आठवतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचे जुने नाव या दुसऱ्या आठवणीकडे बोट दाखविते.

हैदर अलीने मात्र आपला शब्द पाळला. जुलै १७८० मध्ये तो कर्नाटकात उतरला आणि १० सप्टेंबर रोजी पोलिलूर येथे त्याच्या सैन्याने कर्नल बेली याची तुकडी नेस्तनाबूत केली. मद्रास हादरले. ठरल्याप्रमाणे याच वेळी निजाम आणि भोसले उठावयास हवे होते. निजाम उठला नाही, कारण वॉरन हेस्टिंग्जने गुंटूरचा प्रश्न त्याच्या मनासारखा मिटविला होता. भोसल्यांनी मुधोजींचे पुत्र चिमणाजी यांच्याबरोबर मोठी फौज कटकेस पाठविली खरी, पण ती फौज रेंगाळली. हेस्टिंग्जने लक्षावधी रुपये मोजले. बंगालवर चालून जाण्याऐवजी भोसल्यांनी बंगालची इंग्रज फौज ओरिसातून मद्रासच्या मदतीस जाऊ दिली.

राहिले शिंदे. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, त्यानंतर माळव्यात महादजींना पराभव सोसावा लागला. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजींनी इंग्रजांशी आपल्यापुरता तह केला आणि पुणे व कंपनी यांच्यात मध्यस्थ होण्याचे पत्करले. त्या मध्यस्थीतून १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला.

येथे पुण्याचा दोषही झाकता येत नाही. हैदराने कर्नाटकात जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा, असे कलम सालबाईच्या तहात घातले गेले. ज्याने जुटीचा शब्द सर्वांत निष्ठेने पाळला, त्याच्या पाठीमागे त्याच्याच विरुद्ध हे कलम लिहिले गेले. नानांना हे बोचले असावे; त्यांनी तहावर मान्यतेची मोहोर उठविण्यास कित्येक महिने लावले. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर अली मरण पावला आणि २० डिसेंबरला पुण्याने तह मंजूर केला. हैदराचा पुत्र टिपू याने ११ मार्च १७८४ रोजी मंगळूर येथे इंग्रजांशी स्वतंत्र तह केला.

म्हणजे गायकवाड, निजाम, भोसले, शिंदे, पेशवे आणि शेवटी टिपू, अशा सहा सत्तांनी एकेकट्याने आपापला हिशेब मिटविला. वॉरन हेस्टिंग्जला एकाही वेळी चौघांशी एकत्र बोलणी करावी लागली नाहीत. प्रत्येकाची गरज निराळी होती. एकाला गुंटूर हवे होते, दुसऱ्याला रोख पैसा, तिसऱ्याला आपला किल्ला. ज्याला जे हवे ते त्याला दिले गेले आणि सर्वांना मिळून जे हवे होते, ते कोणाच्याच पदरात पडले नाही. जुटीला सामाईक खजिना नव्हता. ठरलेल्या दिवशी चौघांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसावे अशी सभा नव्हती. शब्द मोडणाऱ्याला जाब विचारणारा कोणी नव्हता. पुण्याहून नागपूरला, नागपुराहून कटकेला जाणारी पत्रे होती आणि वकिलांचे शब्द होते. शत्रूने भय थोडे कमी केले, की ती पत्रे कोरडी पडत.

आपल्या वसईच्या वाचकांना या तहाचे एक कलम जवळचे वाटेल. डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डने घेतलेली वसई सालबाईच्या तहाने पेशव्यांकडे परत आली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. वसईच्या खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे असलेली जुनी ख्रिस्ती गावे त्यामुळे दोन वेगळ्या राज्यांत पडली, आणि १८१७ पर्यंत तशीच राहिली. जे तह लिहितात त्यांच्या लेखी अशी खाडी म्हणजे नकाशावरील एक रेघ असते. काठावरच्या माणसांना ती रोज ओलांडावी लागते.

बारा हजारांची गावे आणि एक चर्च

मोठी जूट अशी विरत असताना पुण्यात आणखी एक लहानसा करार आकार घेत होता. पोर्तुगिजांनी इंग्रजांच्या बाजूने उतरू नये, ही नानांची निकड होती. मराठी आरमाराने १७७२ साली 'सांताना' हे पोर्तुगीज जहाज पकडल्याची तक्रारही मिटावयाची होती. गोवे सरकारची बाजू पुणे दरबारात मांडण्याचे काम नारायण विठ्ठल धुमे हे गोव्याचे सारस्वत गृहस्थ करीत. कॅथलिक राजाचा वकील हिंदू, आणि बोलणी ब्राह्मण कारभाऱ्याशी! त्या काळच्या राजकारणात याचे कोणाला नवल वाटत नसे. १७७९ च्या या तहानुसार दमणजवळची दरसाल बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना देण्याचे ठरले. १७८३ आणि १७८५ साली त्यांच्या सनदा निघाल्या. तीच दादरा आणि नगरहवेली.

या करारातील शब्दांना पुढे विलक्षण भाग्य लाभले. १९५४ साली दादरा-नगरहवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. पुण्याच्या तहाचे सतरावे कलम आणि पेशव्यांच्या सनदा न्यायाधीशांपुढे आल्या. गावांचे स्वामित्व दिले होते की केवळ उत्पन्न, याचा काथ्याकूट झाला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की तह खरा आहे, परंतु मराठ्यांनी दिला तो सरंजाम. राज्य दिलेले नाही. पोर्तुगिजांचे राज्य तेथे मानले गेले ते पुढे, इंग्रजांच्या अमदानीत. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब आणि लाबान यांची कथा आपणांस ठाऊक आहे. एकमेकांवर विश्वास नसलेल्या त्या दोघांनी साक्षीसाठी दगडांची रास रचली आणि प्रत्येकाने तिला आपापल्या भाषेत वेगळे नाव दिले. पुण्याच्या तहाचे असेच झाले. पण दगड शिल्लक राहिले, म्हणून तर पावणेदोनशे वर्षांनंतरही साक्ष काढता आली.

पोर्तुगीज आणि गोमंतकीय ख्रिस्ती शिपाई पेशव्यांच्या पलटणीत नोकरीस होते. दोम मिगेल दि नोरोन्या हा त्यांचा सरदार. आपल्या माणसांसाठी धर्मगुरू आणि उपासनेची जागा असावी, अशी त्याने मागणी केली. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पेशवे सरकारने त्यासाठी जमीन दिली आणि १७९२ साली निष्कलंक मातेच्या नावाचे चर्च उभे राहिले. तेच आपले सिटी चर्च. चौघांच्या जुटीचा कागद आज कोणाच्या कामाचा नाही. या जमिनीवर मात्र अजून घंटा वाजते. मोठ्या करारांना तडे जातात तेव्हा अशा लहान, रोजच्या गरजेतून जन्मलेल्या गोष्टी तगून राहतात, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

बोलण्याचा हक्क

सालबाईनंतर आठ वर्षांनी चक्र पूर्ण फिरले. १७९० च्या जून-जुलैत पुणे दरबार आणि निजाम हे दोघेही इंग्रजांशी करार करून टिपूविरुद्ध उभे राहिले. पुण्याच्या संगमावर राहणारा वकील चार्ल्स मॅलेट याने पुण्याचा करार जुळविला. १७९२ च्या मार्चमध्ये श्रीरंगपट्टणला टिपूने अर्धे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये देऊ केले. तिघा मित्रांनी मुलूख वाटून घेतला. तीनच वर्षांनी, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याच्या लढाईत त्यांतलेच दोन मित्र, पुणे आणि निजाम, एकमेकांशी लढले. मराठे सरदार एकत्र येऊन लढले ती ही शेवटची मोठी लढाई. इंग्रज तटस्थ राहिले आणि निजामाने ती गोष्ट मनात ठेवली. परंतु एकटे पडल्याच्या भयाने १७९८ साली त्यानेच कंपनीची तैनाती फौज पत्करली.

मग पुण्याची पाळी आली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याच्या वेशीपाशी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्यांनी इंग्रजांशी तह केला. तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख यांची चर्चा पाठ्यपुस्तकांत असते. त्याहून जड एक कलम होते. कंपनीच्या सल्ल्यावाचून पेशव्यांनी इतर कोणत्याही राज्याशी बोलणी करू नयेत, असे त्यात लिहिले होते. आता जूट मोडण्याचे कष्ट इंग्रजांना घ्यावे लागणार नव्हते. शेजाऱ्याशी बोलण्याचा हक्कच विकला गेला होता. पुढच्याच वर्षी शिंदे आणि भोसले एकत्र लढले, होळकर दूर राहिले, आणि १८०३ च्या डिसेंबरात भोसल्यांनी देवगावला, तर शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला वेगवेगळे तह केले. ते झाल्यावर होळकर लढले, तेही एकटेच.

नारायण पेठेतील मोदी गणपती हे त्या पर्वाचे एक खूणचिठ्ठीसारखे स्थान आहे. इंग्रज रेसिडेन्सीचा कारभार पाहणारे पारशी गृहस्थ खुश्रुशेट मोदी यांच्या बागेवरून त्या गणपतीला हे नाव पडले. पुण्यातून हैदराबाद, नागपूर, श्रीरंगपट्टणला वकिलांची जी ये-जा चालत असे, तिची जागा या काळात संगमावरील एका बंगल्याने घेतली.

कोळसा आणि पोलाद

आता दीडशे वर्षे पुढे यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात जो प्रश्न पडला, तो नानांच्या प्रश्नाहून फार निराळा नव्हता. शेजारच्या, एकमेकांचे रक्त सांडलेल्या राज्यांना बांधून कसे ठेवावे? ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी जे उत्तर सुचविले, ते कोणाही शत्रूविरुद्ध नव्हते. युद्धसाहित्य ज्यापासून घडते तो कोळसा आणि ते पोलाद, फ्रान्स व जर्मनी या दोघांनी मिळून एका सामाईक अधिकाराखाली आणावे, अशी त्यांची सूचना होती. १८ एप्रिल १९५१ रोजी सहा देशांनी त्यावर सह्या केल्या. २५ मार्च १९५७ रोजी, मरियामातेला देवदूताचा निरोप मिळाल्याच्या सणादिवशी, रोम येथे युरोपीय आर्थिक समुदायाचा करार झाला.

शूमान, जर्मनीचे कोनराड आडेनाउअर आणि इटलीचे आल्चिदे दे गास्पेरी हे तिघेही श्रद्धावंत कॅथलिक होते आणि तिघेही सीमेवरच्या प्रदेशांतून आले होते. शूमान यांचा जन्म लक्झेंबर्गमधला आणि घराणे लोरेनचे. दे गास्पेरी तरुणपणी व्हिएन्नाच्या संसदेत बसले होते. सीमारेषा माणसाच्या घरातून कशी जाते हे त्यांनी अनुभवले होते. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी शूमान यांना 'आदरणीय' ही पदवी दिली.

सालबाईच्या मानाने येथे वेगळे काय होते? एक सामाईक अधिकारी मंडळ, एक न्यायालय, ठरलेल्या दिवशी भरणारी सभा, आणि शब्द मोडल्यास जाब विचारण्याची रीत. बाहेर पडणाऱ्यासाठीही दार होते. ब्रिटनने २०१६ साली कौल घेऊन ३१ जानेवारी २०२० रोजी संघ सोडला, तेव्हा साडेतीन वर्षे हिशेब चालला. रात्रीत कोणी गुंटूर देऊन कोणाला फोडले नाही.

गटांची एकमेकांशी बोलणी होऊ लागली तीही याच पायावर. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी टोगोची राजधानी लोमे येथे आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातील ४६ देशांनी युरोपच्या नऊ देशांशी एकत्र करार केला. कोको, कॉफी, शेंगदाणा यांसारख्या मालाचे भाव कोसळले तर भरपाई मिळावी, अशी तरतूद त्यात होती. यांपैकी एखादे लहान बेट युरोपपुढे एकटे उभे राहिले असते, तर त्याचे म्हणणे कोणी ऐकले असते? १९८० साली आसियाननेही युरोपीय समुदायाशी गट म्हणून करार केला. या नात्यांत सर्व काही समानतेचे होते असे म्हणता येणार नाही. २००० सालानंतर युरोपने लोमेच्या कुटुंबातील देशांशी प्रदेशवार वेगवेगळी बोलणी सुरू केली, तेव्हा त्या देशांची एकजूट सैल झाली. हेस्टिंग्जची युक्ती जुनी झाली, पण संपली नाही.

आपले शेजारी

आपल्या दक्षिण आशियाचे चित्र अधिक उदास आहे. ८ डिसेंबर १९८५ रोजी, योगायोगाने निष्कलंक मातेच्याच सणादिवशी, ढाका येथे सात देशांनी सार्कची सनद मंजूर केली. २००७ साली अफगाणिस्तान आठवे झाले. सर्व निर्णय एकमताने व्हावेत आणि दोन देशांमधील वादाचे विषय चर्चेत आणू नयेत, असे सनदेतच लिहिले आहे. घरात भांडण आहे हे ठाऊक असूनही त्याविषयी ओसरीवर बोलावयाचे नाही, असा हा नियम. त्याने सुरुवात सोपी झाली, वाढ मात्र खुंटली. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला अठरावी शिखर परिषद झाली. २०१६ साली इस्लामाबादला ठरलेली परिषद भरली नाही, आणि पुढची वर्षे रिकामीच गेली. सार्क देशांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास आहे.

तरीही येथेही सिटी चर्चच्या जमिनीसारखे काही उरले आहे. सार्क देशांनी मिळून स्थापन केलेले दक्षिण आशियाई विद्यापीठ २०१० पासून दिल्लीत चालू आहे. शिखरावर शांतता असताना पायथ्याशी शेजारी देशांची तरुण मुले एका वर्गात बसली. इतिहासाचा अभ्यासक अशा गोष्टींना क्षुल्लक मानीत नाही.

नाना फडणीस शहाणे होते, याविषयी शत्रूंनाही शंका नव्हती. एकट्याने लढून निभाव लागणार नाही, हे हिंदुस्थानात त्यांनी इतरांच्या आधी ओळखले. त्यांना साथीदार जमविता आले. साथीदारांना जोडून ठेवणारी व्यवस्था उभारण्यास त्यांना ना काळ मिळाला, ना कदाचित तिची कल्पना त्या युगात शक्य होती. भय माणसांना एकत्र आणते आणि भय ओसरले की पांगविते. रोजचा व्यवहार, ठरलेली बैठक, सर्वांना लागू असणारा नियम आणि मोडलेल्या शब्दाचा जाब, या चार गोष्टी दिसण्यात रूक्ष आहेत. राष्ट्रे टिकतात ती त्यांच्यावर. आणि खरे पाहता कुटुंबे, सहकारी पतपेढ्या आणि धर्मग्रामसुद्धा त्यांच्यावरच टिकतात.

पुढच्या वेळी लक्ष्मी रस्त्याने नाना पेठेकडे जाताना, वाचकहो, डावीकडच्या नारायण पेठेकडे क्षणभर पाहावे. गायकवाडांचा वाडा तेथेच आहे. त्या वाड्याच्या धन्यांनी १७८० च्या जानेवारीत आपल्यापुरता एक शहाणपणाचा व्यवहार केला होता, आणि त्यांच्यासारखाच शहाणपणाचा व्यवहार एकेकाने करीत करीत सर्वांनी मिळून आपले राज्य घालविले.